डोरीनची डुकरीण

स्केल्डनच्या किल्ल्यात दर मंगळवारी भरतकामाला जमणाऱ्या बायकांचा एक नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. कुणाचा टाका चुकला तर तिला सांगायचं नाही. ती घरी गेली की तो हळूच उसवायचा, नीट घालायचा आणि पुढच्या मंगळवारी तिला म्हणायचं, "काय सुरेख उतरलंय गं." चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. चर्चमधल्या गुडघे टेकायच्या उशा घ्या नाहीतर गावसभेच्या टेबलावरचं कापड घ्या, सगळं एकाच हातचं वाटायचं, कारण शेवटचा हात खरोखरच एकीचा असायचा. गंमत म्हणजे हा नियम प्रत्येकीला ठाऊक होता, आणि प्रत्येकीची खात्री होती की उसवतात ते बाकीच्यांचं.

हे काम थेल्मा मेटकाफकडे आलं तेव्हा ती साठीची होती. आधी ते मिसेस पिकर्सगिल करायच्या. त्यांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी थेल्माला घरी बोलावलं, बारीक टोकाची कात्री तिच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "बोलायचं नाही हं." एवढीच काय ती दीक्षा. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढलेल्या थेल्माला हे काही जड गेलं नाही. गावात कुणाला कुठून पत्र येतं आणि कुणाला कुठूनच येत नाही, हे सगळं तिच्या पोटात होतं. आमच्या खोऱ्यात माणसाला तोंडावर काही सांगणं हा उद्धटपणा समजतात आणि त्याच्या माघारी त्याचं काम निस्तरणं ही माया. थेल्मा या विद्येत पहिल्या नंबरची.

खोऱ्यात याला अपवाद एकच, डोरीन अल्डरसन. ती थेल्माची शेजारीण. दोघींच्या घरांची मधली भिंत एक आणि मैत्री एकेचाळीस वर्षांची. डोरीन वरच्या डोंगरातल्या शेतावर डुकरामेंढरांत वाढलेली, तोंडाची फटकळ. थेल्माचा नवरा गेला तेव्हा अख्खं गाव येऊन चहा पिऊन, हवापाण्याचं बोलून परत गेलं. डोरीन आली ती चौथ्या दिवशी. तिने पडदे सरकवले आणि म्हणाली, "ऊठ. आंघोळ कर. वास येतोय तुझा." त्या एका वाक्याने आपण जगलो असं थेल्मा मनाशी कबूल करायची. डोरीनला मात्र तिने ते कधी सांगितलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी किल्ल्याचा कारभार बघणाऱ्या फिलिपाने बायकांपुढे एक काम ठेवलं. किल्ल्याच्या मोठ्या दालनाची उत्तरेकडची भिंत उघडीबोडकी होती. एके काळी तिथे भरतकामाचा पडदा असणार, थंडी अडवायला आणि पाहुण्यांवर छाप पाडायला. तसा नवा करायचा. बारा महिने, बारा पट, प्रत्येक पटात त्या त्या महिन्याचं जुन्या काळातलं शेतीचं काम. चित्रं फिलिपाने काढून आणली होती. बायका आठ, त्यामुळे कुणाच्या वाट्याला एक पट आला, कुणाच्या दोन.

"नोव्हेंबर मला द्या," डोरीन म्हणाली. "त्यात डुकरं आहेत. तुमच्यातल्या कुणी डुक्कर ताटाबाहेर पाहिलंय का कधी?"

कुणी पाहिलं नव्हतं. नोव्हेंबर डोरीनला मिळाला. ओक झाडाखाली एक डुकरीण आणि तिची चार पिल्लं, आणि काठीने फांद्या झोडून त्यांना फळं पाडून देणारा एक माणूस.

त्याच हिवाळ्यात डोरीनचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. तिने मंगळवारी कोट काढायच्या आत सगळ्यांना जाहीर करून टाकलं, "माझा हात हलतोय, डोकं नाही. तेव्हा माझ्याशी मोठ्याने आणि हळूहळू बोलायची गरज नाही." मग ती सुई ओवायला बसली. सुई ओवायला तिला दहा मिनिटं लागली. बाकीच्या सगळ्या खिडकीबाहेर बघत बसल्या. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्या बुधवारी थेल्माने डोरीनचे बारा टाके उसवले. पट दोन लाकडी रुळांच्या चौकटीवर ताणलेला असायचा. जेवढं भरून झालं तेवढं खाली गुंडाळून त्यावर फडकं बांधायचं, म्हणजे मळत नाही. डोरीनच्या समोर त्यामुळे चालू काम तेवढंच असे, झालेलं तिला दिसतच नसे. चौकटीचा ताण नीट करते अशा सबबीवर थेल्मा ती घरी न्यायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायची आणि फडकं सोडायची. बारा टाक्यांचे वीस झाले, विसांचे पन्नास. वसंत येईपर्यंत उसवायचं काय आणि ठेवायचं काय हा प्रश्नच उरला नाही. मंगळवारी दोन तास ओठ दाताखाली धरून डोरीन जेवढं भरायची, ते थेल्मा बुधवारी सकाळी पाव तासात काढून टाकायची आणि मग पुन्हा भरायची. उसवलेली लोकर शेगडीत जायची. दर मंगळवारी ती म्हणायची, "सुरेख उतरलंय गं, डोरीन." आणि इतकं बोलून झालं की तिला चहा जात नसे.

का नाही सांगितलं? हा प्रश्न तिने स्वतःला तेव्हा विचारला नाही, असं नाही. उत्तर तयार होतं. डोरीनच्या हातात दुसरं काही उरलं नव्हतं. बाग गेली होती, केक भाजणं गेलं होतं, गाडी चालवणं गेलं होतं. मंगळवार तेवढा राहिला होता. तो आपण कोणत्या तोंडाने काढून घ्यायचा? हे उत्तर इतकं मायेचं होतं की त्यात थेल्माचा स्वतःचा भित्रेपणा कुठे बसलाय ते तिला दिसलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत डोरीनने डुकरीण भरायला घेतली. मध्ये दोन बुधवार थेल्मा तापाने पडून होती; तिसऱ्या बुधवारी तिने फडकं सोडलं तर डुकरिणीचा डावा कान पार बिघडलेला. चित्रात कान सरळ, टोकदार होता. इथे त्याची कड चिरफाळलेली होती, मध्येच एक खाच, आणि तपकिरी लोकरीच्या दोन छटा एकमेकींत घुसलेल्या. फारच घसरला हात, बिचारीचा, असं थेल्मा मनात म्हणाली. तिने कान मुळापासून उसवला आणि चित्राबरहुकूम नवा भरला. दोन्ही कान कसे उभे आणि नेटके. फेब्रुवारीअखेर पट संपला, आणि डोरीनला त्यानंतर सुई धरवेनाशी झाली. ती म्हणाली, "चला, एक तरी शेवटाला नेलं." थेल्मा हो म्हणाली.

आता या सगळ्यात डोरीनच्या मुलाचा, कीथचा संबंध काय ते सांगायला हवं. कीथ एकुलता एक, राहायला ब्रिस्टलला, इथून गाडीने पाच तासांवर. मुलगा चांगला. दर रविवारी फोन, दर दोन महिन्यांनी फेरी. हा आजार पुढे कधीकधी डोक्यातही शिरतो असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं आणि तेव्हापासून तो आईच्या चुका मोजायला लागला. दूध फ्रिजऐवजी कपाटात सापडलं. नातीच्या वाढदिवसाचं कार्ड दोनदा आलं.

"दोनदा पाठवलं, कारण पहिलं मिळालं म्हणून तू कळवलंच नाहीस," डोरीनने त्याला सुनावलं. पण दुधाचं तिला काही सांगता आलं नाही.

कीथच्या घरापासून दहा मिनिटांवर एक वृद्धाश्रम होता, चांगला, बागबिग असलेला. तिथे मे महिन्यात एक खोली रिकामी होणार होती. मायलेकांची वाटाघाट झाली. पडद्याच्या उद्घाटनाला कीथ येईल, आठवडाभर राहील. आईचं डोकं ठिकाणावर आहे असं त्याला पटलं तर सकाळ-संध्याकाळ मदतीला बाई ठेवायची आणि डोरीनने इथेच, आपल्या घरात राहायचं. नाही पटलं तर ब्रिस्टल.

"इथून उचललं ना, तर मी संपले बघ," डोरीन थेल्माच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली. कप ती दोन्ही हातांनी धरायची, अर्धाच भरलेला. "तिथल्या बागेत मला कोण ओळखतं? पण मी त्याला बरोबर पटवते की नाही बघ. दालनात माझ्या नोव्हेंबरपुढे उभं करते आणि एकेक टाका सांगते. हा केव्हा घातला, हा असा का घातला. सगळं लख्ख आठवतंय मला. डोकं शाबूत असल्याचा आणखी काय दाखला हवा?"

हीच वेळ होती. समोर डोरीन, मध्ये टेबल, घरात तिसरं माणूस नाही. "डोरीन," ती म्हणाली, "त्या पटाचं जरा..."

"काय?"

"काही नाही. उजेड कसा पडतो तिथे कोण जाणे, असं म्हणत होते."

"पाऊस नसला तर चांगला पडेल," डोरीन म्हणाली, आणि मग पावसाचं बोलणं निघालं. पुढच्या दहा दिवसांत थेल्माने आणखी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा ते हवामानापाशी येऊन मिटलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. तिने मनाशी एकच धरून ठेवलं, की टाके सगळे सारखेच दिसतात, डोरीनला काही कळायचं नाही.

उद्घाटन मेमधल्या एका शनिवारी होतं. कीथने आईला चाकाच्या खुर्चीतून आणलं. वेशीच्या दगडी फरसबंदीवर खुर्ची खडखडत होती आणि डोरीन दात दाबून बसली होती, पण निळा कोट, मोत्यांची माळ, ओठांना रंग, थाटात होती. लाकडी आडोशाच्या बोळातून वळलं की दालन एकदम समोर येतं. थेल्मा ते सत्तर वर्षं पाहत होती तरी दर वेळी तिचा आवाज आपोआप खाली यायचा. वर काळ्या पडलेल्या तुळया, जमिनीच्या मधोमध चूल पेटायची त्या काळातल्या धुराने माखलेल्या. टोकाला धन्याचा चौथरा. उंच खिडक्यांतून उन्हाचे पट्टे, आणि एवढ्या उन्हातही दगडातून पायांत चढणारा गारवा.

"इथे मी तुझ्या बापाबरोबर पहिल्यांदा नाचले," डोरीन मागे न बघता कीथला म्हणाली. "शेतकरी पोरापोरींचा नाच असायचा. त्याने तीनदा पाय तुडवला माझा. मी म्हटलं, एवढं तुडवलंयस तर आता लग्नच कर."

कीथ हसला. थेल्मालाही हसू आलं. क्षणभर तिला वाटलं, सगळं नीट पार पडेल.

फिलिपाचं भाषण झालं. पडद्यावरचं कापड ओढलं गेलं, आणि बारा महिने भिंतभर उलगडले. लोक मनापासून पुटपुटले. आमच्याकडे यापेक्षा मोठी दाद नाही. सगळा पडदा कसा एका हातचा वाटत होता. फिलिपा तसं म्हणालीसुद्धा. थेल्मा बुटांकडे बघत राहिली.

"ने मला," डोरीन म्हणाली. कीथने खुर्ची नोव्हेंबरपुढे नेली. बाकीच्या सातही जणी मागोमाग आल्या, कारण डोरीन काहीतरी मजेदार बोलणार हे ठरलेलं. डोरीनने चष्मा चढवला. ती बघत राहिली.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

"तुझंच आहे, आई. खाली नाव आहे बघ, डी. अल्डरसन."

"नाव असेल. डुकरीण माझी नाही. माझ्या डुकरिणीचा डावा कान फाटका होता. आमच्या शेतावर बेस नावाची डुकरीण होती ना, तिचा कान कुत्र्याने फाडलेला. मी मुद्दाम तसा भरला. कानाला तीन मंगळवार लागले मला. दोन रंगांची लोकर घेतली होती, खाचेपाशी गडद." तिने मान वळवली. तिचा आवाज अजून ठणठणीत होता, नेहमीसारखा. "थेल्मा, चौकट तुझ्याकडे असायची. माझा कान कुठाय?"

थेल्माला त्या एका क्षणात दोन गोष्टी कळल्या. एक, की तो कान घसरलेल्या हाताचा नव्हता. अख्ख्या पटात डोरीनने जिद्दीने, जीव लावून, जसा हवा तसा काढलेला तो एकच तुकडा होता आणि तोच आपण कीव करून उसवला. आणि दुसरी, की आता सगळे आपल्याकडे बघतायत. फिलिपा, कीथ, त्या सहा जणी. सहाही जणींना खरं काय ते माहीत होतं. त्यांतली जॉइस तुळया मोजत होती. आपण आत्ता खरं बोललो तर डोरीनची दोन वर्षं शेगडीत गेली हे साऱ्या खोऱ्यासमोर तिला ऐकावं लागेल, असं थेल्माला वाटलं. निदान तसं वाटल्याचं तिने स्वतःला सांगितलं.

"अगं, सरळच होता कान," ती म्हणाली. आवाज किती गोड निघाला. "विसरलीस तू."

डोरीन तिच्याकडे बघत राहिली. राग नव्हता त्या नजरेत. राग असता तर बरं झालं असतं. ती उत्तर शोधत होती, आणि एकेचाळीस वर्षांच्या सवयीने ते थेल्माच्या चेहऱ्यावर शोधत होती.

"तीन मंगळवार," ती हळू म्हणाली. "मला तर अगदी..." मग तिने पुन्हा पटाकडे पाहिलं. "असेल. सरळच असेल."

कीथने खुर्चीच्या दांड्यावरची पकड बदलली, बाकी काही नाही. चौथऱ्याजवळ चहा आणि फळांचा केक मांडला होता. डोरीनने कप घेतला नाही. जॉइसने विचारलं, साखर किती, तर ती म्हणाली, "मी एक घेते ना?" आणि खात्री करायला मुलाकडे पाहिलं. जी जन्मात कुणाला विचारून पाणी प्यायली नव्हती, ती साखर विचारत होती. थेल्माने हातातली बशी खाली ठेवली.

घरी जाताना तिला कळलं की तिने डोरीनला वाचवलंच नव्हतं. तिने स्वतःला वाचवलं होतं, आणि तेही डोरीनचं डोकं पुढे करून.

तरी ती रविवारी गेली नाही. कीथची गाडी दारात होती, म्हटलं मायलेकांना बोलू द्यावं. सोमवारी गेली नाही, कारण सोमवारी कपडे धुवायचे असतात. मधल्या भिंतीतून एरवी रेडिओ ऐकू यायचा, तो दोन्ही दिवस बंद होता. मंगळवारी किल्ल्यात सगळ्या जणी जमल्या आणि उशांचं नवं काम काढून बसल्या. डोरीनच्या रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी लोकरीची पिशवी ठेवली, म्हणजे ती रिकामी दिसू नये. शनिवारचं अवाक्षर कुणी काढलं नाही. फक्त कप विसळताना जॉइस तिच्या बाजूला येऊन पुटपुटली, "तू सांगणार आहेस की मी सांगू?"

"मी सांगते," थेल्मा म्हणाली.

"केव्हा?"

थेल्मा पुढचा कप विसळायला लागली. जॉइसने कप पुसून ठेवला आणि कोट चढवून निघून गेली.

बुधवारी सकाळी थेल्माने दार वाजवलं. कीथने उघडलं. त्याच्यामागे बोळात पुठ्ठ्याची खोकी होती, पाच-सहा, दोन बांधून झालेली.

"ये मावशी. येशील असं वाटलंच होतं. आई जायचं म्हणते."

"तू म्हणतोस की ती?"

"ती. शनिवारी परत येताना गाडीतच म्हणाली. मी अजून तोंड उघडलं नव्हतं." कीथ दाराला टेकला. त्याचे डोळे सुजलेले होते. "म्हणाली, ज्या बाईला स्वतःचा टाका ओळखता येत नाही तिच्या हाती गॅस कसा द्यायचा."

मग थेल्माने त्याला सांगितलं. तिथेच, उंबऱ्यात, एका दमात. मंगळवार, बुधवार, कात्री, शेगडी, कान. आयुष्यात इतकं सरळ ती कधी बोलली नव्हती.

"आणि दालनात हे का नाही बोललीस?" कीथने विचारलं.

"भ्याले."

त्याने मान हलवली. "आईला सांग," तो म्हणाला. "तिने मानलं ना, तर मी ही खोकी आत्ता उघडतो. मला तिला न्यायची हौस नाही, मावशी. पण आता तिलाच स्वतःचा भरवसा वाटत नाही. तो माझ्या सांगण्याने परत यायचा नाही."

डोरीन खिडकीशी खुर्चीत बसली होती. मांडीवरचे हात एकमेकांना धरून होते आणि तरी हलत होते. थेल्मा समोरच्या स्टुलावर बसली आणि तिने सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी जास्त सावकाश, काही न गाळता. बोलता बोलता ती रडायला लागली. डोरीन शांतपणे ऐकत होती. डोकं किंचित कलतं, चेहऱ्यावर थोडं हसू.

"काल जॉइस आली होती," डोरीन म्हणाली. "केक घेऊन. तीही हेच सांगून गेली. अगदी हेच, कात्रीसकट."

"मग? खरं आहे म्हणूनच ना."

"ठरवून आलात तुम्ही दोघी. मला बरं वाटावं म्हणून."

"नाही गं. देवाशपथ नाही. तुझा कान मी पाहिलाय, डोरीन. डावा. खाच होती, तपकिरी दोन छटा होत्या..."

"हे मीच सगळ्यांसमोर सांगितलं शनिवारी."

थेल्माने डोळे पुसले. दुसरं काहीतरी हवं होतं, डोरीनने दालनात न सांगितलेलं. पिल्लं कशी होती, माणसाच्या टोपीचा रंग, झाडाचं एखादं पान, काहीही. तिने जिवाच्या आकांताने आठवून पाहिलं. दोन हिवाळे तो पट तिच्या टेबलावर होता, उजेडात, चष्म्याखाली, आणि तिला आठवत होते ते फक्त वाकडे टाके. चित्र तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"पट उतरवून घेऊ," ती म्हणाली. "मागची बाजू बघ. माझा हात तू ओळखशील."

"मागून पुढून सगळं एका हातचं दिसतं. तोच तर आपला नियम." डोरीन पुढे झुकली. तिला तेवढं झुकायलाही वेळ लागला. "ऐक माझं. मी घाबरले नाहीये आता. शनिवारी घाबरले होते. पण तू बोललीस ते बरं झालं. कीथ बोलला असता तर मी भांडले असते, डॉक्टर बोलला असता तर त्याला घालवून दिलं असतं. तू म्हणालीस म्हणून मी मानलं."

"मी खोटं बोलले, डोरीन."

"छे," डोरीन म्हणाली. तिचा थरथरता हात थेल्माच्या गुडघ्यावर आला आणि तिथे हळूहळू थोपटू लागला, लहान मुलाला थोपटावं तसा. "एकेचाळीस वर्षांत तू माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस. आता एवढ्यासाठी सुरुवात करू नकोस."

दारात कीथ उभा होता. तो आईकडे बघत होता, मग त्याने थेल्माकडे पाहिलं, आणि मग तो खाली वाकून तिसरं खोकं भरायला लागला.